गाण्याआधीचं बोलणं

अमेरिकेत मेम्फिसला स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचं संग्रहालय आहे, त्यात एक कॅडिलॅक मोटार आहे. १९७२ सालची एल्डोराडो, मोरपंखी निळी, कडांना सोन्याचा मुलामा, आत गुबगुबीत लव. गोल चबुतऱ्यावर ती संथ फिरत असते. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी शाळेची एक सहल आली होती आणि सगळी पोरं तिच्याभोवती गोळा झाली होती. मी मात्र बराच वेळ संग्रहालयाच्या सुरुवातीलाच, एका लाकडी चर्चपाशी उभा राहिलो. मिसिसिपीच्या सखल कापूसपट्ट्यातल्या एका खेड्यातून ते चर्च आणून इथे आतल्या आत पुन्हा उभं केलं आहे. साधी फळ्यांची भिंत, साधी बाकडी. कॅडिलॅक ज्याची होती त्या गायक आयझॅक हेजचं बालपण अशाच चर्चमध्ये आणि अशाच कापसाच्या मुलखात गेलं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, वणीकडचा. कामानिमित्त दोन वर्षं मेम्फिसला होतो. ऑफिसातल्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात एल्व्हिसचा बंगला दाखवून आणला. तो पाहिला, छान वाटला. पण मेम्फिसला बदली झाली हे कळल्या क्षणी माझ्या मनात नाव आलं होतं ते हेजचं. पुण्यात होस्टेलवर असताना पोर्टिसहेड या इंग्लिश बँडचं ‘ग्लोरी बॉक्स’ हे गाणं आमच्या खोलीत रात्र-रात्र वाजायचं. त्याच्या तळाशी बेस आणि तंतुवाद्यांची एक ओळ आहे, जिना उतरल्यासारखी सावकाश खाली येणारी. गाण्यापेक्षा मला तीच जास्त ऐकू यायची. ती ओळ मुळात त्यांची नाही, १९७१ सालच्या आयझॅक हेजच्या एका रेकॉर्डवरून उचललेली आहे, हे एका सीनियरने सांगितलं आणि मूळ रेकॉर्ड ऐकवली. त्यात हेज गात नव्हता, बोलत होता. एका बाईची माफी मागत होता, इतक्या खालच्या आवाजात, की आपण दाराबाहेर उभे राहून चोरून ऐकतो आहोत असं वाटावं. त्या दिवसापासून हा माणूस माझा झाला.

तो गायक होता, संगीतकार होता, आणि सिनेनटही होता. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण तिसरी गोष्ट शेवटी एका परिच्छेदात उरकतात. मला वाटतं की तो नट आधीपासूनच होता. फक्त त्याचा अभिनय पाहायला कॅमेऱ्याच्या आधी कान लागतात.

२० ऑगस्ट १९४२ रोजी टेनेसी राज्यातल्या कव्हिंग्टन या गावात त्याचा जन्म झाला. मेम्फिसच्या उत्तरेला तासाभराच्या आतच हे गाव लागतं. आई तान्हेपणीच गेली, वडील सोडून गेले, आणि आईच्या आईवडिलांनी त्याला वाढवलं. ते दुसऱ्याच्या जमिनीवर बटईनं शेती करायचे. कापूस वेचत, चर्चमध्ये गात पोरगं मोठं झालं.

मला हे वाचून कळत नाही, अंगावरून जातं. आमच्याकडे आजी वेचणीला जायची, सुट्टीत मीही तिच्यामागे जायचो. लांबून शेत पांढरं, मऊ दिसतं, पण जवळ गेलं की बोंडाची वाळलेली टोकं काट्यासारखी असतात. नखाच्या कडेला रुततात. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते आणि संध्याकाळी धुऱ्यावर जोखताना कळतं की दिवसभराचा कापूस किती हलका भरला. आजीच्या बोटांची टोकं कायम चिरलेली. पोळी लाटायला बसली की पिठात हात घालताना डोळे बारीक करायची.

आणि हे नुसतं आठवणीचं साम्य नाही, इतिहासाने ही दोन्ही रानं खरोखर एकमेकांना बांधली आहेत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या राज्यांतला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वाढली, पुढे १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. युद्ध संपलं, तिकडचा कापूस पुन्हा बाजारात आला, इकडचा भाव पडला. तिकडे गुलामी कायद्याने संपली, पण तीच माणसं त्याच मालकांच्या शेतात बटईदार झाली. हेजचे आजी-आजोबा त्या बटईदारांच्या पिढ्यांतले.

पुढे हे कुटुंब मेम्फिसला आलं. गरिबी तीच राहिली, गल्ली तेवढी बदलली. कमवायला लागायचं म्हणून त्याची शाळा सुटली. शिक्षकांनी ओढून परत आणलं आणि तो शाळेतून पास होऊन बाहेर पडला तेव्हा एकवीस वर्षांच्या उंबरठ्यावर होता. दिवसा कत्तलखान्यात मांस भरण्याचं काम, रात्री क्लबात गाणं. पियानो, ऑर्गन, सॅक्सोफोन, सगळं स्वतःच चाचपडत शिकलेलं.

मॅक्लेमोर अव्हेन्यूवर ‘कॅपिटॉल’ नावाचं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर होतं. जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या बहीण-भावांनी ते भाड्याने घेऊन तिथे रेकॉर्डिंग सुरू केलं. दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून ‘स्टॅक्स’. जुन्या खाऊच्या काउंटरच्या जागी रेकॉर्डचं दुकान, पडदा होता त्या मंचावर नियंत्रण कक्ष, आणि जमीन तशीच उतरती ठेवली, कारण सपाट करायला पैसे नव्हते. खुर्च्या काढल्या तरी उतार राहिला. त्या उतारामुळे खोलीत आवाज वेगळा घुमायचा, असं तिथले वादक सांगायचे. बँडमध्ये काळे-गोरे एकत्र वाजवत, आणि ते साठीच्या दशकातल्या मेम्फिसमध्ये, जिथे बाहेर रस्त्यावर एकत्र बसून जेवणंही अवघड होतं.

स्टॅक्सच्या घरच्या बँडचा ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स इंडियाना विद्यापीठात शिकत होता. तो नसताना त्याच्या जागी वाजवायला म्हणून १९६४ च्या सुमारास हेज आत शिरला. बदली वादक. स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग याच्या ध्वनिमुद्रणात वाजवता वाजवता तो डेव्हिड पोर्टरबरोबर गाणी रचायला लागला. पोर्टर शब्दांचा, हेज सुरांचा. सॅम अँड डेव्ह या जोडीला त्यांनी जी गाणी दिली त्यांतली दोन तरी जगात कुठेही वाजतात. ‘होल्ड ऑन, आयम कमिन’चा किस्सा प्रसिद्ध आहे. चाल सापडली म्हणून हेज हाका मारतोय, पोर्टर संडासात, आणि आतून उत्तर येतं, ‘थांब, आलोच!’ तेच धृपद झालं. ‘सोल मॅन’ मात्र टीव्हीवरच्या बातम्यांतून आलं. १९६७ साली डेट्रॉइटमध्ये दंगल उसळली होती. आपलं दुकान जळू नये म्हणून काळे दुकानदार दारावर ‘सोल’, म्हणजे आत्मा, हा शब्द लिहीत. हेजला त्यात एक जुनी गोष्ट दिसली, बायबलमधली, दारावर खूण असलेली घरं वाचली ती. स्टॅक्समधल्या या संगीतालाही सोलच म्हणतात. आमच्याकडे त्याला ‘आत्म्याचं संगीत’ असं म्हटलं की फार आध्यात्मिक वाटतं. त्या दारावर मात्र त्या शब्दाचा अर्थ अगदी साधा होता. मी तुमच्यातलाच आहे, मला जाळू नका.

मग सहा महिन्यांत सगळं कोसळलं. १० डिसेंबर १९६७ ला ओटिस रेडिंगचं विमान विस्कॉन्सिनमधल्या गोठत्या तळ्यात पडलं. त्याच्यासोबत बार-केज या पोरसवदा बँडमधली चार मुलंही गेली. पुढच्या फेब्रुवारीत मेम्फिसमध्ये दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले आणि सुमारे १३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेले फलक गळ्यात घालून ते रस्त्याने चालत. त्यांच्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग आले आणि ४ एप्रिल १९६८ ला लोरेन मोटेलच्या गॅलरीत त्यांना गोळी घातली गेली. हे लोरेन मोटेल स्टॅक्सच्या मंडळींचं जवळजवळ दुसरं घर होतं. बाहेरगावचे कलाकार तिथे उतरत, तिथल्या खोल्यांत गाणी लिहिली जात. हेजने पुढे सांगितलं की किंग गेल्यावर वर्षभर त्याच्याकडून काही रचलंच गेलं नाही. त्याच सुमाराला करारातल्या एका कलमामुळे स्टॅक्सच्या जुन्या सगळ्या रेकॉर्ड अटलांटिक या बड्या कंपनीच्या मालकीच्या ठरल्या. म्हणजे घर होतं, पण कपाट रिकामं.

रिकामं कपाट भरायला स्टॅक्सच्या अल बेल यांनी ठरवलं की एकदम २७ अल्बम काढायचे. त्या गर्दीत हेजला सांगितलं गेलं, तुला हवं ते कर. त्याच्या अल्बमकडून कुणाची फारशी अपेक्षाच नव्हती, म्हणून ही मोकळीक. बार-केजमधला वाचलेला एक आणि विमानात नसलेला एक, या दोघांभोवती नवा बँड उभा राहिला होता. हेजने त्या बार-केजना सोबत घेतलं आणि १९६९ मध्ये ‘हॉट बटर्ड सोल’ केला. फक्त चार गाणी. मुखपृष्ठावर वरून घेतलेला त्याच्या तुळतुळीत डोक्याचा फोटो.

त्यातलं शेवटचं गाणं, ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’. मूळ गाणं जिमी वेबचं. ग्लेन कॅम्पबेलने गायलेलं, तीन मिनिटांच्या आत संपणारं, रेडिओवर सगळ्यांच्या तोंडी असलेलं. एक माणूस बायकोला सोडून मोटारीने निघाला आहे, आणि तो अमुक गावी पोचेल तेव्हा ती काय करत असेल, एवढंच त्यात आहे. हेजचं गाणं साडेअठरा मिनिटांपेक्षा जास्त चालतं. आणि त्यातली पहिली आठ-एक मिनिटं तो गातच नाही.

बोलतो. ऑर्गनचा एक सूर धरून ठेवलेला, बेसची एक ठोक, झांजेवर हलकीशी टकटक. त्यावर तो सांगत राहतो की हा माणूस कोण, टेनेसीत कसा वाढला, लॉस एंजेलिसला कसा गेला, तिथे त्याला ही बाई कशी भेटली, त्याने तिच्यावर किती जीव लावला, काय पाहिलं, कितीदा निघून गेला आणि कितीदा परत आला. ही पद्धत त्याला क्लबात सापडली होती. लोक गप्पा मारत होते, गाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तेव्हा त्याने बँडला एकच सूर धरायला लावला आणि बोलायला सुरुवात केली. बोलणी थांबली. गाणं सुरू झालं तेव्हा लोक रडत होते, असं त्यानेच सांगितलं आहे.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गावचा सप्ताह आठवला. कीर्तनकार अभंगाचा एक चरण म्हणून थांबतात. टाळ थांबत नाहीत, नुसते बारीक होतात. मृदंगावर एक बोट चालू राहतं. आणि बुवा गोष्टीत शिरतात, अशी की मागची म्हातारी माणसंही वाती वळायचं थांबवतात. अर्ध्या तासाने तोच चरण परत येतो तेव्हा तो तोच राहिलेला नसतो. शब्द तेवढेच असतात, पण आता आपण त्या माणसाला ओळखत असतो. हेजच्या तोंडून ‘फीनिक्स’ हे गावाचं नाव नवव्या मिनिटाला पहिल्यांदा सुरात येतं, तेव्हा माझ्या छातीत कालवतं. तोवर तो माणूस मला भावकीतला वाटायला लागलेला असतो.

यालाच मी अभिनय म्हणतो. आवाजाची जाडी न बदलता तो एकदा सांगणारा होतो, एकदा नवरा, एकदा दारात उभी बाई. कुठे श्वास सोडायचा, कुठे हसल्यासारखं करून दुःख पुढे ढकलायचं, कुठे नुसतं ‘अं’ करायचं, याची त्याची समज एखाद्या मुरलेल्या रंगभूमी-नटाची आहे. हा अल्बम दहा लाखांहून जास्त खपला आणि पॉप, जॅझ, सोल, सगळ्या याद्यांत एकाच वेळी होता. तोवर सोल म्हणजे तीन मिनिटांची तबकडी असंच समीकरण होतं. काळ्या माणसाचं ऐकायला अठरा मिनिटं कोण देईल, हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारला नाही.

१९७१ मध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीचा ‘शाफ्ट’ आला. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स, स्वतः मोठे छायाचित्रकार. न्यूयॉर्कमधल्या एका काळ्या खासगी गुप्तहेराची गोष्ट, आणि हा गुप्तहेर कुणापुढे मान न झुकवणारा. हेजला संगीतासाठी विचारलं तेव्हा त्याने अट घातली, नायकाच्या भूमिकेसाठी माझी चाचणी घ्या. हो म्हणाले. नंतर त्याला कळलं की रिचर्ड राउंडट्रीला आधीच घेतलेलं आहे. त्याने तरीही संगीत केलं.

त्या संगीताची सुरुवात अशी आहे. झांजेवर एका मात्रेत चार अशी बारीक, न थांबणारी टिकटिक, ड्रमर विली हॉलची. पार्क्सनी त्याला सांगितलं होतं की हा नायक सतत चालतो आहे, त्याला पुढे ढकलणारं काही हवं. हेजला ओटिसच्या ध्वनिमुद्रणातला ड्रमर अल जॅक्सनचा झांजेचा एक तुकडा आठवला. मेलेल्या मित्राच्या गाण्यातली टिकटिक त्याने जिवंत नायकाच्या पायांना बांधली. मग चार्ल्स ‘स्किप’ पिट्सची वा-वा गिटार. पायाखालच्या पेडलने सुराचं तोंड उघडतं-मिटतं, म्हणून ती गिटार बोलल्यासारखी वाटते. पुढे बासऱ्या, पितळी वाद्यं, तंतुवाद्यं. दोन मिनिटं होऊन जातात तरी हेज तोंड उघडत नाही. पुन्हा तेच. आधी माणूस उभा करायचा, मग त्याच्याविषयी दोन शब्द.

हे गाणं त्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १० एप्रिल १९७२ ला त्याला सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर मिळालं. त्याआधी स्पर्धेतलं ऑस्कर मिळालेले काळे कलाकार दोनच, हॅटी मॅकडॅनियल आणि सिडनी पॉटिए, दोन्ही अभिनयासाठी. अभिनयाबाहेर ते मिळवणारा हा पहिला. तो आजीला सोबत घेऊन गेला होता. मंचावर त्याने तिच्या प्रार्थनांचे आभार मानले आणि सांगितलं की थोड्या दिवसांत ती ऐंशी वर्षांची होते आहे, ही तिची भेट.

आणि अभिनय? ‘शाफ्ट’मध्ये तो आहे, क्षणभर. एका बारमध्ये, दारू देणारा. ज्या सिनेमाला त्याने चाल दिली, त्यात त्याच्या वाट्याला काउंटरच्या मागची जागा आली. मी तो प्रसंग कितीतरी वेळा पाहिला आहे. तो काही खास करत नाही. पण त्याचा आवाज ऐकला की वाटतं, कॅमेरा अजून थोडा वेळ तिथेच राहायला हवा होता.

त्याच वर्षी, २० ऑगस्ट १९७२ ला, लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात ‘वॅटस्टॅक्स’ हा गाण्यांचा सोहळा झाला. सात वर्षांपूर्वी काळ्यांच्या वॅट्स वस्तीत झालेल्या उठावाची आठवण म्हणून. तिकीट एक डॉलर, लाखभर माणसं. हेजचा तिसावा वाढदिवस होता. सगळ्यात शेवटी तो आला, अंगावरचा झगा उतरवला, आणि आत उघड्या छातीवर सोन्याच्या साखळ्यांचा अंगरखा होता. ज्या साखळ्या आमच्या पूर्वजांच्या पायात होत्या त्या मी सोन्याच्या करून मिरवतो, असा त्याचा त्यामागचा अर्थ होता. तो अंगरखा संग्रहालयांतल्या फोटोंत पाहताना कुणाला भपका वाटेल. मला त्यात वजन दिसतं. पण या सोहळ्याचा चित्रपट आला तेव्हा त्यातला हा शेवटच बदललेला होता. ‘शाफ्ट’च्या गाण्याचे चित्रपटातले हक्क एमजीएमकडे, म्हणून दुसरंच गाणं नंतर चित्रित करून जोडावं लागलं. मूळ शेवट पडद्यावर यायला तीस वर्षं गेली. लाख लोकांनी जे पाहिलं, ते त्याच्या स्वतःच्या गाण्यामुळे कापलं गेलं.

नायक तो झाला, १९७४ मध्ये. ‘ट्रक टर्नर’. जामीन मोडून पळालेल्यांना पकडून आणणारा, पूर्वीचा फुटबॉलपटू. संगीतही त्याचंच. त्या काळातल्या या काळ्या मारधाडपटांवर तेव्हाच टीका झाली की दलाल आणि पिस्तुलं दाखवून आमचीच बदनामी चालली आहे. ती टीका मला पटते. तरीही या चित्रपटात एक गोष्ट मला धरून ठेवते. हेज धावताना अवघडतो, मारामारीत शिकवल्यासारखा हात टाकतो, पण जिथे तो नुसता बसून बोलतो तिथे पडदा त्याचा होतो. त्याच वर्षीच्या ‘थ्री टफ गाइज’मध्येही तसंच. तो चित्रपट आज फार कुणी पाहत नाही, पण त्यासाठी केलेल्या संगीतातला गिटारचा एक तुकडा १९९१ मध्ये ह्यूस्टनच्या गेटो बॉइजनी आपल्या गाण्याखाली घातला आणि एका पिढीच्या कानात तो बसला.

आपल्याकडे ‘गायक-नट’ हा शब्द जोडूनच येतो, त्यामुळे गाणाऱ्याने अभिनय करावा याचं आपल्याला नवल नाही. बालगंधर्वही १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले आणि मग रंगभूमीकडेच परतले. मला नेहमी वाटतं, त्यांच्यासारख्यांना कॅमेऱ्याची भीती नसते. वेळेची अडचण असते. रंगभूमीवर पद किती चालायचं हे समोरचे लोक आणि तो गळा मिळून ठरवतात. सिनेमात ते दुसराच कुणी कात्रीने ठरवतो. हेजची सगळी ताकद सावकाशीत होती आणि सिनेमाने त्याला सावकाशी दिली नाही.

एकदाच दिली असं मी म्हणेन. जॉन कार्पेंटरच्या १९८१ सालच्या ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’मध्ये. अख्खं मॅनहॅटन तुरुंग झालं आहे आणि हेज त्याचा ड्यूक. त्याच्या कॅडिलॅकच्या पुढच्या मडगार्डांवर झुंबरं लावलेली आहेत. संवाद मोजकेच. तो आधी शांत राहतो, समोरच्याला घाम फुटू देतो, मग बोलतो. तीच ‘फीनिक्स’ची युक्ती, फक्त इथे प्रेमाच्या जागी दहशत.

पण तोवर त्याच्याकडे स्वतःची गाणी उरली नव्हती. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्सचं दिवाळं निघालं. पुढच्या वर्षी त्याचंही. साठ लाख डॉलरच्या वर कर्ज. घर गेलं, आणि लिहिलेल्या, गायलेल्या गाण्यांचं पुढचं मानधनही गेलं. ‘सोल मॅन’ कुठेतरी वाजायचं, ‘शाफ्ट’ची टिकटिक जाहिरातींत यायची, आणि तो टीव्ही मालिकांत छोट्या भूमिका करत होता. ‘रॉकफर्ड फाइल्स’मधला त्याचा तुरुंगातून सुटलेला गँडी फिच मला फार आवडतो. बटईत काय होतं? पेरायचं तू, निंदायचं तू, वेचायचं तू, आणि जोखताना हिशोब मालकाचा. नातू तिथून तीस-चाळीस वर्षं आणि सोन्याच्या साखळ्या एवढा दूर गेला आणि पुन्हा त्याच तराजूसमोर आला. हे मला सहन होत नाही.

१९९७ पासून ‘साउथ पार्क’ या कार्टून मालिकेत शाळेच्या स्वयंपाकघरातल्या शेफला त्याने आवाज दिला आणि नातवंडांच्या वयाची मुलं त्याला ओळखायला लागली. २००६ मध्ये त्या मालिकेतून तो बाहेर पडल्याचं जाहीर झालं. तो ज्या सायंटॉलॉजी पंथाचा होता त्याच्यावर एक भाग निघाला होता. पण त्याच जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला होता आणि तो निर्णय त्याच्या वतीने दुसऱ्यांनी घेतला, असं त्याच्या मुलाने नंतर सांगितलं. या वादावर लोक पानंच्या पानं लिहितात. मला त्यात फार रस नाही. मला २००५ चा ‘हसल अँड फ्लो’ महत्त्वाचा वाटतो. मेम्फिसमध्ये घडणारा, मेम्फिसमध्येच चित्रित झालेला. उकाड्यात, मोडक्या घरात कोंबलेल्या स्टुडिओत गाणं करू पाहणारा एक माणूस. त्यात हेज आहे, आणि तो आहे बारचा मालक. चौतीस वर्षांनी पुन्हा काउंटरच्या मागे, पण यावेळी काउंटर त्याचा. पुढच्या वर्षी या चित्रपटातल्या रॅप गाण्याला सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर मिळालं. ते करणारे थ्री सिक्स माफिया, मेम्फिसचेच. गाण्याआधी, गाण्यावर, गाण्याऐवजी बोलणं आता जगभर रुळलं होतं, आणि त्याच्या गावच्या पोरांनी तीच बाहुली घरी आणली.

१० ऑगस्ट २००८ ला मेम्फिसच्या घरी तो गेला. व्यायामाचा पट्टा चालूच होता, असं बातम्यांत होतं. पासष्ट वर्षांचा होता. ‘सोल मेन’ या चित्रपटात तो स्वतःच्याच रूपात आला होता. त्यातला मुख्य नट बर्नी मॅक आदल्याच दिवशी गेला होता. नोव्हेंबरमध्ये चित्रपट लागला तेव्हा दोघेही नव्हते.

कॅपिटॉल थिएटर १९८९ मध्ये पाडलं होतं. कितीतरी वर्षं तिथे नुसती मोकळी जागा होती. २००३ मध्ये त्याच जागेवर, तशाच दर्शनी भागासह हे संग्रहालय उभं राहिलं. शेजारी मुलांसाठी संगीत शाळा आहे. मी गेलो त्या दिवशी आतून ट्रम्पेटवर कुणीतरी तीच एक ओळ घोटत होतं, चुकत होतं, परत घेत होतं. आतल्या स्टुडिओच्या प्रतिकृतीत जमीन उतरती केली आहे. पायाला जाणवते.

मेम्फिसमधल्या शेवटच्या ऑक्टोबरात मी एका रविवारी कव्हिंग्टनकडे गाडी काढली. शहर सुटताच ‘फीनिक्स’ लावलं. त्याचं बोलणं संपून गाणं सुरू व्हायला दोन्ही बाजूंना पांढरं रान लागलं. गाडी थांबवून खाली उतरलो. झाडं आपल्या पऱ्हाटीपेक्षा बुटकी, पानं औषध मारून गाळलेली, नुसती बोंडं. लांब एक हिरवं यंत्र एकावेळी सहा ओळी खात चाललं होतं. माणूस एकच, काचेच्या आत.

आजीला व्हिडिओ कॉल केला. वणीला रात्र होती, ती जागीच होती. शेत दाखवलं.

“तिकडं बी पऱ्हाटीच हाये का बापा?”

हो म्हटलं.

“अन् वेचते कोन?”

यंत्र दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. मग मी तिला हेजची गोष्ट सांगितली, जमेल तशी. कापूस वेचायचा, आजीने वाढवलं, मोठा गायक झाला, मोठं बक्षीस मिळालं ते आजीला दिलं. ऑस्करच्या रात्रीचा दोघांचा एक फोटो माझ्या फोनमध्ये होता, तो पाठवला. तिने चष्मा लावला. पोराच्या टकलाविषयी काही बोलेल असं वाटलं होतं, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

“हे आजी हाये काय त्याची?”

“हो.”

“हात नाही दिसत इचे.”

मी साठवलेला फोटो खांद्यापर्यंतच कापलेला होता. “थांब,” मी म्हणालो, “पूर्ण आहे का बघतो,” आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून शोधत राहिलो.